बाथरूममधला लघवीचा वास जात नाही? फिनेल बाजूला ठेवा, आधी थर काढा

सकाळी बाथरूम धुतलं, फिनेल टाकलं, तासभर छान वाटलं आणि दुपारी दार उघडलं की परत तोच वास, असं ज्यांच्या घरी होतंय त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय. सगळं सामान किराणा दुकानात नाहीतर मेडिकलमध्ये मिळतं, महागडं काही लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो आणि थोडा वेळ द्यावा लागतो. पाच मिनिटांत वास गायब असं काही नसतं. एकदा अर्धा दिवस काढा, नंतर रोजचं काम अगदी थोडं राहतं.

वास नेमका कशाचा ते आधी समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ताज्या लघवीला फारसा वास नसतोच. ती साधारण ९५ टक्के पाणीच असते, उरलेल्यात मुख्य म्हणजे युरिया आणि मग मीठ, बाकीचे क्षार, थोडं युरिक अ‍ॅसिड वगैरे. वास सुरू होतो तो लघवी कुठेतरी साचून राहिली की. फरशीवरचे, सांध्यातले जीवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि नाकाला झोंबतो तो हाच. आता पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, अमोनिया झाला की लघवीतले आणि पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे सगळे विरघळलेले राहत नाहीत, ते खाली बसतात आणि त्यांचा कडक पिवळट थर तयार होतो. घरात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हा थर अजूनच लवकर धरतो. तो खडबडीत असतो, त्यात जीवाणूही टिकतात आणि नवीन लघवीही मुरते. म्हणजे वास वरवर नसतोच, तो थराच्या आत असतो. फिनेल वरून फिरतं, सुगंध देतं, वरचे जंतू मारतं, थर मात्र जागचा हलत नाही, म्हणून दुपारी परत तेच.

पावसाळ्यात वास का वाढतो त्याचं कारणही हेच. हवेत ओल असली की वाळलेला थर ओलसर होतो आणि जीवाणूंचं काम परत सुरू होतं. जून ते सप्टेंबर कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण एक मिनिट, साफसफाईला लागण्याआधी वास खरंच लघवीचा आहे का ते बघा. खूप जण लघवीचा वास समजून कमोड घासत बसतात आणि वास येत असतो नहाणी ट्रॅपमधून. फरशीवरच्या जाळीखाली जो वाडग्यासारखा भाग असतो तो नहाणी ट्रॅप, त्यात साधारण पाच सेंटीमीटर पाणी कायम उभं राहायला हवं, ते पाणीच गटाराची हवा अडवतं. उन्हाळ्यात वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते पाणी आटून जातं आणि मग पाइपातली हवा सरळ घरात. तो वास सडक्या अंड्यासारखा, गटारासारखा असतो, नाकाला झोंबत नाही. त्यावर उपाय म्हणजे जाळी काढून आतले केस, साबणाचा चिकटा काढायचा आणि दोन तांबे पाणी ओतायचं, बस. कधी कधी प्लंबरने किंवा घरातल्याच कोणीतरी पाणी लवकर जावं म्हणून ट्रॅपमधली वाटी काढून फेकलेली असते, तसं असेल तर कितीही साफ करा वास राहणारच, वाटी नवीन बसवून घ्या. दमट, कुबट वास असेल तर ती बुरशी किंवा भिंतीतलं लीकेज. झोंबणारा वास आला, विशेषतः बाथरूम रात्रभर बंद राहून सकाळी उघडल्यावर, तर तो लघवीचा, आणि पुढचं सगळं त्यासाठीच.

आता जागा शोधा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे पण यावरच सगळं अवलंबून आहे, कारण कमोडच्या आतली बाजू सगळेच घासतात आणि वास बहुतेक वेळा तिथे नसतोच. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा यूव्ही टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो, रात्री लाइट बंद करून तो जमिनीजवळ धरून फिरवला की वाळलेली लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कपड्यांची पावडर पण चमकते, पण ती निळसर-पांढरी, त्यामुळे गोंधळू नका, आणि टॉर्चकडे थेट बघू नका, मुलांच्या हातात देऊ नका. टॉर्च नसेल तर सरळ खाली बसा आणि नाकाने शोधा, त्याला पर्याय नाही.

कुठे कुठे बघायचं ते सांगते. कमोडच्या सीटच्या मागे जे दोन स्क्रू असतात ना, त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या टोप्या उघडा. बऱ्याच घरांत त्या बसवल्यापासून उघडलेल्याच नसतात. आत तपकिरी-पिवळा चिकट थर सापडेल, नखाने खरवडला तर चुरा निघतो आणि वास लगेच नाकात जातो. मग कमोडच्या वरच्या काठाची आतली बाजू, जिथून फ्लशचं पाणी येतं, तिथे छोटा आरसा धरून बघा. मग कमोडचा बाहेरचा खालचा भाग आणि जमिनीचा सांधा. आपल्याकडे तिथे व्हाइट सिमेंट भरलेलं असतं, ते काही वर्षांनी भेगाळतं आणि पाणी, लघवी आत शोषून घेतं, तो सांधा पिवळा-काळा दिसत असेल तर चोर सापडला समजा. भारतीय पद्धतीचं भांडं असेल, प्लंबर ज्याला ओरिसा पॅन म्हणतात ते, तर पाय ठेवायच्या जागेवरच्या खाचा आणि पॅनची कड जिथे टाइल्सला मिळते ती रेघ. मग कमोडशेजारची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत, उभ्याने लघवी करताना बारीक तुषार तिथपर्यंत सहज जातात. जेट स्प्रेची नळी. दाराची खालची कड आणि चौकट. प्लास्टिकच्या स्टुलाची खालची बाजू, बादलीचं बूड, टॉयलेट ब्रश ज्या डब्यात ठेवता तो डबा, त्यात तळाशी साचलेलं पाणी तर भयंकर असतं. आणि बाहेरचं पायपुसणं.

सामान काय लागेल: पांढरं व्हिनेगर एक बाटली (साधं सिंथेटिक, चायनीजवाल्या गाड्यावर वापरतात तेच, महागाचं अ‍ॅपल सायडर नको), लिंबूसत्त्व शंभर-दोनशे ग्रॅम, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, जुने सुती कपडे नाहीतर टिश्यू पेपर, आणि जमलं तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर दोन्हीच हवं असं नाही, दोघांपैकी एक पुरे. मला विचाराल तर लिंबूसत्त्वच घ्या, त्याला स्वतःचा वास नाही आणि थर काढायला ते जास्त चांगलं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकून हलवलं की झालं. उकळतं पाणी घेऊ नका, एक तर गरम झालं की अमोनिया भसकन वर येतो आणि दुसरं म्हणजे गार कमोडवर उकळतं ओतलं तर तो तडकू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कृपया ही सोडून पुढे जाऊ नका. ब्लीच, म्हणजे ज्याच्या लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असतं ते, आणि ब्लिचिंग पावडर म्हणजे टीसीएल पावडर, ही व्हिनेगर, लिंबूसत्त्व, टॉयलेट क्लीनर यांच्यासोबत कधीच, अजिबात, एकाच दिवशी एकाच जागी वापरायची नाही. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड गेलं की क्लोरीन वायू सुटतो. हार्पिकसारख्या निळ्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे त्यात ब्लीच मिसळलं तरी तेच. आणि लघवीच्या बाबतीत अजून एक भर, साचलेल्या लघवीतल्या अमोनियावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही फुप्फुसाला त्रास देतात. म्हणून ज्या बाथरूमला लघवीचा वास येतो तिथे ब्लीच हा पहिला उपाय असूच शकत नाही. आपली बाथरूमं चार बाय सहाची, एक छोटी खिडकी नाहीतर डक्टकडे उघडणारी काच, हवा जायला जागाच नाही, तिथे हे फार लवकर अंगावर येतं. घरात मावशी साफ करायला येत असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा, बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवा, आणि त्यांना हातमोजे आपण आणून द्या. चुकून मिसळलंच आणि डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, तर त्यावर दुसरं काहीतरी ओतून निस्तरायला जाऊ नका, आधी बाहेर या, सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या-दारं उघडा, आणि खोकला किंवा छाती भरल्यासारखं वाटणं थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा.

दारावर सायकलवरून सुटं अ‍ॅसिड विकायला येतात तेही घेऊ नका. थर निघतो, खरं आहे, पण टाइल्सच्या जॉइंटमधलं सिमेंटही खाऊन टाकतं, नळांचं क्रोम काळं पडतं, आणि जॉइंट पोकळ झाले की पुढच्या वेळी लघवी अजून खोल मुरते. म्हणजे वासाची कायमची सोय.

आणि फरशी कसली आहे ते बघा. सिरॅमिक, व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर पुढची पद्धत बिनधास्त वापरा. पण जुन्या घरांत, वाड्यांत, गावाकडे मोरीत शहाबादी फरशी असते, कुठे कडप्पा, कुठे मार्बल, कोटा. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू टाकलं की दगड चरतो, पांढुरका डाग पडतो आणि पॉलिश जातं ते परत येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत खाली देतेय.

तर टाइल्सवाल्या बाथरूमची पद्धत. बादल्या, स्टूल, मग, सगळं बाहेर काढा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा (दार पूर्ण बंद ठेवून फॅन लावला तर हवा आत कुठून येणार, दार थोडं उघडं ठेवा). आधी साधं पाणी भरपूर मारून सगळं धुऊन घ्या आणि भांड्याच्या लिक्विडने एकदा घासा. हे का, तर वर साबणाचा आणि तेलाचा चिकटा असतो, तो असेपर्यंत आंबट पाणी (लिंबूसत्त्वाचं किंवा व्हिनेगरचं) थरापर्यंत पोचतच नाही. नीट धुऊन वायपरने पाणी काढून टाका, कारण फरशीवर पाणी उभं असेल तर आपलं मिश्रण पातळ होऊन जातं.

मग लिंबूसत्त्वाचं पाणी किंवा व्हिनेगर (अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, थर जाड असेल तर नुसतंच व्हिनेगर) फरशीवर, भिंतीच्या खालच्या भागावर, जॉइंटवर टाका. आणि इथेच बहुतेक जण चुकतात, टाकलं, घासलं, लगेच धुतलं. आंबट पाण्याला वेळ लागतो. जुने सुती कपडे त्यात भिजवून जिथे वास आहे त्या जागेवर अंथरून ठेवा, म्हणजे ते वाळत नाही, अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. बारीक बुडबुडे दिसले तर थर विरघळतोय. हे पाणी उरलेल्या अमोनियालाही बांधून टाकतं, त्याचं मीठ होतं आणि मिठाला वास नसतो, म्हणूनच वास लगेच कमी झाल्यासारखा वाटतो आणि ते खरंच कमी झालेलं असतं. मग टूथब्रशने जॉइंट घासा, धुवा. सिमेंटचे जॉइंट असतात म्हणून तासाच्या वर ठेवू नका आणि दर आठवड्याला एवढं कडक करू नका, महिन्याला एकदा पुष्कळ झालं. नळांवर, शॉवरवर उडालं तर लगेच पाण्याने पुसून घ्या.

आता सोडा. लघवीतलं युरिक अ‍ॅसिड आंबट पाण्यात नीट विरघळत नाही, ते सोड्याच्या पाण्यात जास्त चांगलं निघतं, म्हणून आधी आंबट, मग स्वच्छ धुणं, मग सोडा, हा क्रम. अर्ध्या बादली कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाका (हातमोजे घाला, हात भाजल्यासारखे कोरडे होतात) आणि फरशी घासा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, धुवा. सीटच्या आजूबाजूला, नाजूक जागी खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो प्रकार सगळीकडे दाखवतात तो मला पटत नाही. फेस बघायला छान वाटतो पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, शेवटी हातात उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. तुंबलेल्या जाळीत त्या फेसाने थोडा कचरा हलतो एवढाच फायदा. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत.

कमोडच्या आतलं काम रात्री करा. ब्रशने आतलं पाणी जोरजोरात खाली ढकललं की पाण्याची पातळी उतरते आणि एरवी पाण्याखाली असलेली पिवळी रेघ उघडी पडते. त्या रेघेवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा, काठाच्या आतल्या बाजूलाही पट्ट्या खोचा, आणि त्यावर लिंबूसत्त्वाचं घट्ट पाणी किंवा व्हिनेगर ओता. सकाळपर्यंत राहू द्या, पट्ट्या काढून कचऱ्यात टाका, फ्लश करू नका नाहीतर तुंबेल, मग ब्रशने घासा. खूप जुना थर असेल तर दोन-तीन रात्री लागतील. चाकूने, पटाशीने खरवडू नका, वरचं चकचकीत आवरण एकदा गेलं की डाग तिथेच धरतो.

सीट मात्र काढाच. खालून दोन नटं असतात, हाताने नाहीतर पक्कडीने सुटतात. सीट बाहेर नेऊन साबणाने धुवा, स्क्रू, टोप्या, रबरं व्हिनेगरमध्ये वाटीत बुडवून ठेवा आणि कमोडवरची ती भोकं टूथब्रशने साफ करा. धातूचे स्क्रू जास्त वेळ बुडवले तर गंजतात, वीस मिनिटं पुरेत. नुसतं एवढं करून अर्धा वास गेला असं अनेक घरांत होतं, आणि तेवढ्यासाठी किती फिनेल संपलेलं असतं.

व्हाइट सिमेंटचा सांधा जर आतपर्यंत पिवळा झालेला असेल तर वरून काहीही लावून उपयोग नाही. ते खरवडून काढा, व्हिनेगरचा बोळा फिरवा, पाण्याने धुवा, दोन दिवस पूर्ण वाळू द्या (हे दोन दिवस दुसरं बाथरूम वापरा नाहीतर शेजाऱ्यांशी बोलून घ्या, ओल्यावर भरलं तर वास आत कोंडतो) आणि मग सिलिकॉन सीलंट भरा. मागच्या बाजूला छोटी फट सोडा, म्हणजे आत कधी गळती झाली तर पाणी बाहेर येऊन कळेल. कमोड हलत असेल तर मात्र प्लंबर बोलवा, ते आपलं काम नाही.

लाकडी किंवा प्लायच्या दाराची खालची कड फुगली असेल तर त्यात वास मुरलेला असतो. आंबट पाण्याने पुसा, मग सोड्याच्या पाण्याने पुसा, पंख्याखाली खडखडीत वाळवा आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या, पेंटने उरलेला वास आत बंद होतो. पायपुसणी धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाका आणि कडक उन्हात वाळत घाला. रबरी मागची बाजू भेगाळलेलं पायपुसणं टाकून द्या, ते परत स्वच्छ होत नाही.

आता शहाबादी, मार्बल, कडप्पावाल्यांसाठी. आंबट काहीही नाही, लिंबू नाही, चिंच नाही, व्हिनेगर नाही. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून धुवा. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये सहसा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्के झालं. अशा एक लिटर द्रावणात चार मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्याचं लिक्विड, लगेच फरशीवर ओता, अर्धा तास ठेवा, घासा, धुवा. याने जंतूही मरतात आणि वासाचे पदार्थही फुटून जातात. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवायचं नाही, आत वायू तयार होत राहतो, बाटली फुटते, जेवढं लागेल तेवढंच करा. व्हिनेगरमध्येही मिसळू नका. काळ्या कडप्प्यावर आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा, रंग फिका पडतोय का ते.

घरी संत्र्या-मोसंब्याच्या सालींचं बायोएन्झाइम करत असाल तर तेही टाइल्सवर चांगलं चालतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने, पहिला महिना रोज झाकण थोडं उघडून गॅस सोडायचा. ते शेवटी बऱ्यापैकी आंबट पाणीच असतं, त्यामुळे वर सांगितलेले सगळे नियम त्यालाही लागू, शहाबादीवर नाही आणि ब्लीचसोबत नाही. रोजच्या पुसण्याला एक झाकणभर अर्ध्या बादलीत छान.

डांबरगोळ्या मी घरात वापरू नका असंच सांगेन. त्या वास झाकतात, काढत नाहीत, आणि लहान मुलाने तोंडात घातली तर गंभीर त्रास होतो, काही मुलांमध्ये जन्मतः जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. उदबत्ती, कापूर, एअर फ्रेशनर हे पाहुणे दारात उभे असताना ठीक आहे. घरात मांजर असेल तर फिनेलपासूनही जपा, मांजराचं शरीर तसली रसायनं नीट बाहेर टाकू शकत नाही आणि ती पाय चाटते.

रोजचं काय करायचं? लघवी झाली की तांब्याभर पाणी, मोरीत केली असेल तर दोन तांबे, आणि रात्री झोपण्याआधी वायपर मारून फरशी कोरडी. कोरडेपणा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, ओल नसेल तर जीवाणू काही करू शकत नाहीत. पाण्याची टंचाई आहे, टँकर आहे, दर वेळी फ्लश परवडत नाही, तर कपडे खळबळलेलं पाणी बादलीत ठेवा आणि तेच वापरा. आरओचं वाया जाणारं पाणीही चालतं, पण त्यात क्षार जास्त असतात म्हणून ते फक्त भांड्यात टाका, फरशीवर वाळू देऊ नका. एसीचं पाणी मात्र क्षार नसलेलं असतं, लिंबूसत्त्व मिसळायला उत्तम. आठवड्यातून एकदा स्प्रेच्या बाटलीत अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी घेऊन कमोडच्या मागे, सीटच्या स्क्रूंवर, भिंतीच्या खालच्या टाइलवर मारायचं, दहा मिनिटांनी पुसायचं, की नवीन थर धरतच नाही.

आणि आता जे मला खरंच मनापासून सांगायचंय ते. वास येतो म्हटलं की घरात सगळ्यांची नजर आजोबांकडे जाते. वयाबरोबर प्रोस्टेट वाढलेली असते, धार बारीक होते, थेंब थेंब पडतं, गुडघे दुखतात, रात्री चार वेळा उठावं लागतं, डोळ्याला नीट दिसत नाही. ते मुद्दाम करत नाहीत. आपण नाक मुरडलं, सुनेने काही बोललं की ते काय करतात माहितीये, पाणी प्यायचं कमी करतात, संध्याकाळनंतर तर घोटही घेत नाहीत. मग लघवी गडद होते, वास अजून वाढतो, आणि वर लघवीच्या इन्फेक्शनचा धोका. त्यापेक्षा त्यांना बसून लघवी करायला सोपं जाईल असं करून द्या, कमोडशेजारी धरायला दांडा बसवा, रात्री छोटा दिवा चालू ठेवा, न घसरणारी चप्पल द्या, आणि हे सांगताना चारचौघांत सांगू नका. मुलगा किंवा नातू बोलला तर त्यांना कमी संकोच वाटतो. बसून केल्याने शिंतोडे जवळजवळ बंद होतात, हे घरातल्या सगळ्याच पुरुषांना लागू आहे, नुसतं आजोबांना नाही. अंथरुणाशी भांडं ठेवत असाल तर ते वापरल्यावर लगेच रिकामं करून, धुऊन, तळाशी दोन चमचे व्हिनेगर टाकून ठेवा, खोलीत वास राहत नाही.

लहान मुलांना मोरीत उभं करून शू करायला लावतो तेव्हा ठरावीक कोपरा ठरवून द्या, जाळीच्या अगदी जवळचा, आणि पाणी ओतायचं काम त्यांनाच द्या, त्यांना आवडतं ते.

लघवीचाच वास अचानक बदलला तर तिकडे लक्ष द्या. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या लघवीला गोडसर वास येतो, तो मेथीचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने रंग भडक पिवळा होतो, तेही चालतं. पण लघवी गढूळ, उग्र वासाची, जळजळ किंवा ताप सोबत, किंवा म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाल्यासारखं बोलणं, तर तपासणी करून घ्या. डायबेटिस असणाऱ्याच्या लघवीला किंवा श्वासाला फळासारखा गोड वास येत असेल आणि उलट्या, थकवा असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात.

सगळं करून आठवड्यानेही वास राहिला तर मिश्रणं बदलत बसू नका. बाथरूम एक दिवस पूर्ण कोरडं ठेवा, कोणी वापरू नका, आणि बघा ओल कुठून वर येते. टाइल्सच्या एखाद्या जॉइंटमधून पाणी झिरपत असेल, टाइल टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल, तर लघवी टाइलखाली गेलेली आहे. तेवढ्या टाइल्स उचलून खालचा कोबा वाळवायचा, वॉटरप्रूफिंग करायचं आणि परत बसवायच्या, मिस्त्रीला पूर्ण बाथरूम फोडायची गरज नसते, त्याला आधी पोकळ टाइल्सवर खडूने खुणा करून दाखवा आणि तेवढ्याचाच दर ठरवा.